कोल्हापुरात जेवणाला गुण द्यायचे कसे? हौशी खवय्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

‘नाद खुळा’, ‘लई भारी’, ‘विषय हार्ड’. कोल्हापुरातल्या कुठल्याही मटणाच्या खानावळीचं रेटिंग उघडा, पाच ताऱ्यांखाली यातलं एक तरी सापडणारच. त्याच्याच खाली एक तारा देऊन कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘पूर्वीसारखं राहिलं नाही.’ दोघंही खरंच बोलत असतील. पण अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या माणसानं दुपारी दीड वाजता पोरंबाळं घेऊन कुठं जेवायला बसावं, हे त्यातून कळत नाही. काय मागवलं, कुठल्या वारी, किती वाजता, पहिल्यांदाच गेलात की नेहमीचे आहात, यातलं काहीच कुणी लिहीत नाही.

स्वतःच्या पैशानं जेवून नीट मत द्यायची हौस असलेल्यांसाठी हा लेख आहे. त्याला फार तयार जीभ लागत नाही. लागते ती एक मोजपट्टी, आणि सगळीकडे तीच लावायची चिकाटी. ज्याचं ‘चार तारे’ आज एका अर्थानं आणि उद्या दुसऱ्या अर्थानं येतं, त्याची जीभ कितीही तल्लख असो, त्याच्या मताचा दुसऱ्याला उपयोग नाही.

सामान्य जेवणाऱ्यांनी गुण द्यायची पद्धत मोबाइलच्या आधीची आहे. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये टिम आणि नीना झॅगट या वकील दांपत्यानं मित्रमंडळींकडून तिथल्या रेस्टॉरंटांवर मतं गोळा करायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या सर्वेक्षणात जेवण, सजावट आणि सेवा यांना प्रत्येकी ३० पैकी वेगवेगळे गुण असायचे. खर्चाला मात्र गुण नसत, सरळ अंदाजे रक्कम छापलेली असे. ज्याला झकपक हवं त्यानं सजावटीचा रकाना बघावा, ज्याला नुसतं जेवायचंय त्यानं जेवणाचा. आपण हे सगळं पाच ताऱ्यांच्या एका ओळीत कोंबतो आणि मग भांडत बसतो.

१. आधी गट ठरवा

कुस्तीत वजनी गट बघूनच जोड लावतात, इथंही तसंच करा. शिवाजी पेठेतल्या घरगुती खानावळीला ‘एसी नाही’ म्हणून दोन तारे कापणं जितकं चूक, तितकंच ताराबाई पार्कातल्या महागड्या फॅमिली रेस्टॉरंटला ‘चालतंय की’ म्हणून सूट देणंही चूक. जागा स्वतःला काय म्हणवते आणि किती पैसे घेते, त्यावर अपेक्षा ठरते.

ढोबळ गट असे करा: मटणाच्या खानावळी, मिसळीची ठिकाणं, गाड्या आणि भेळवाले, शाकाहारी थाळी, फॅमिली रेस्टॉरंट, हायवेवरचे ढाबे. रंकाळ्यावरच्या गाडीला बसायला खुर्ची नाही हा दोष नाही, पण खरकट्या डिशा एकाच बादलीत बुचकळून काढत असतील तर आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात. तिथं सजावटीचा रकाना भरायलाच जाऊ नये.

एका गटातली दोन-तीन ठिकाणं झाल्याशिवाय त्या गटात पाच तारे कुणालाच देऊ नका. आयुष्यातला पहिला पांढरा रस्सा पिऊन ‘कोल्हापुरातला बेस्ट’ लिहिणाऱ्यांची संख्या बघता हे सांगायला हवं.

२. वार आणि वेळ

कोल्हापूरच्या जेवणावर पंचांगाची सत्ता आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत मटण शिजत नाही. रविवार आणि बुधवार हे खास मटणाचे. साहजिकच रविवारी आणि बुधवारी माल भराभर खपतो, ताजं ताटात पडण्याची शक्यता वाढते, पण वाढप्यांची त्रेधाही त्याच दिवशी उडते. आखाडात खानावळींना उसंत नसते आणि श्रावणात टेबलं मोकळी पडतात. नवरात्रात शहर भाविकांनी भरतं, शाकाहारी ठिकाणांची खरी परीक्षा तेव्हा होते.

म्हणून पहिली भेट रविवार-बुधवार सोडून एखाद्या वाराला, दुपारच्या वाढणीच्या सुरुवातीला ठेवा. शक्य असेल तर दुसरी गर्दीच्या दिवशी, उशिरा. पहिल्या भेटीत स्वयंपाकी किती चांगलं करू शकतो ते दिसतं. दुसऱ्या भेटीत गिऱ्हाईक दारात उभं असताना आणि पातेल्याचा तळ दिसायला लागल्यावर तो काय करतो, ते कळतं. रस्सा पुरवायला पाणी ओततो की ‘संपलं’ म्हणून सांगतो? संपलं म्हणणाऱ्याला माझ्याकडून जादा गुण.

रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडच्या निरीक्षकांचा एक निकष हाच असतो, की पुन्हा आल्यावर आणि वेगळं काही मागवल्यावर दर्जा तोच राहतो का. एकदाच गेला असाल तर हरकत नाही, फक्त ‘पहिलीच भेट’ असं लिहा.

मिसळीसाठी सकाळ धरा. दुपार उलटल्यावर जे मिळतं त्यावरून मिसळीचं माप काढू नका. आणि फार भुकेल्या पोटी जाऊ नका. पन्हाळा चढून-उतरून आलेल्या माणसाला काहीही अमृत लागतं.

३. मागवायचं काय

प्रत्येक गटासाठी एक ठरलेला पदार्थ निवडा आणि जिथं जाल तिथं तोच मागवा. खानावळीत साधी मटण थाळी. ‘स्पेशल’ नको, कारण त्यात खिम्याची वाटी, अंडं आणि आणखी चार पदार्थ येऊन मूळ ताटाचे दोष झाकले जातात. मिसळीच्या ठिकाणी साधी मिसळ, दही न घालता. शाकाहारी ठिकाणी त्या दिवसाची उसळ आणि आमटी, पनीर नको. पनीरच्या ग्रेव्हीवरून स्वयंपाकी ओळखणं कठीण, सगळीकडं ती एकाच पातेल्यातून आल्यासारखी लागते.

चौघं असाल तर चौघांनी चार वेगळे पदार्थ मागवण्याचा मोह आवरा. दोघांनी तीच थाळी घ्या. एकाच्या ताटात चांगले तुकडे आणि दुसऱ्याच्या ताटात नुसती हाडं आली, तर ती गोष्ट नोंदवायलाच हवी.

४. ताट समोर आल्यावर

सगळ्यांत जास्त लक्ष इथं द्यायचं. मटण थाळीत साधारण सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू आणि बहुतेक ठिकाणी दह्यातला कांदा येतो. हात घालण्याआधी क्रम ठरवा, कारण तिखट एकदा जिभेवर चढलं की पुढचं काही कळत नाही.

सुरुवात पांढऱ्यापासून. तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से मटण शिजवलेल्या पाण्यातूनच, म्हणजे अळणीतूनच निघतात. तांबड्यात चटणीचा आणि भाजलेल्या मसाल्याचा पडदा असतो, पांढऱ्यात लपायला जागा नसते. मटण ताजं आहे का, अळणी नीट उतरली आहे का, आलं-लसूण कच्चं राहिलंय का, सगळं त्या वाटीत उघडं पडतं. चांगला पांढरा पातळ असतो, वाटी तोंडाला लावून पिता येतो. आधी मटणाची चव येते, मागून नारळाच्या दुधाची गोडी, शेवटी मिरी-लवंग-दालचिनीची ऊब. दोष असे बघा: पृष्ठभागावर पांढरे कण तरंगत असतील तर नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळाखळा उकळून फुटलाय. थंड होताना चिकट साय धरत असेल तर दाटपणा पिठानं आणलाय. नुसताच गोड लागत असेल तर काजूचा हात सैल सुटलाय. आणि लवंगेशिवाय काहीच लागत नसेल, तर अळणीची उणीव मसाल्यानं भरून काढलेली असण्याची दाट शक्यता आहे.

मग भाकरीचा कोरडा तुकडा खा, तोंड कोरं करा आणि तांबड्याकडं वळा. इथं बाहेरचे लोक एक गल्लत हमखास करतात, आणि देशभरातल्या मेनूकार्डांनी ‘कोल्हापुरी’ म्हणजे जाळ असं ठरवून ती पक्की केली आहे. तांबडा तिखट असतो हे खरं, पण तिखटपणा मोजणं म्हणजे तांबडा मोजणं नव्हे. दोन घोट घ्या, ठसका ओसरू द्या, आणि मग जिभेवर काय उरलंय ते बघा. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसूण, धणे आणि मटणाचा अर्क, यातलं काही लागतंय का? नुसती आग उरली असेल तर तो रस्सा फसला, मग शेजारच्या टेबलावरचा कितीही घाम पुसत ‘लई भारी’ म्हणो.

रंगावर जाऊ नका. लालभडक रंग ब्याडगी मिरचीनं येतो आणि ती फारशी तिखट नसते. लवंगी दिसायला बारीक पण जाळ. घरोघरी वर्षाची चटणी करताना संकेश्वरी, ब्याडगी आणि लवंगी यांचं प्रमाण जो तो आपापलं ठरवतो. त्यामुळे दोन खानावळींचे तांबडे रंगानं सारखे आणि चवीनं दोन टोकांचे असू शकतात. कडवटपणा आला तर खोबरं किंवा तीळ करपलेत. घशात खवट वास चढला तर खोबरं जुनं आहे. टोमॅटोची आंबट चव पुढं येत असेल तर रस्सा वाढवण्यासाठी सोपी वाट धरली आहे. वरचा तेलाचा तवंग हा दोष नाही. त्याला जळकट, जुन्या तेलाचा वास येत असेल तर आहे.

तोंड फारच पोळलं तर पाण्यानं भागणार नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. दह्यातला कांदा ताटात त्यासाठीच आहे असं समजा आणि तो मध्ये-मध्ये खा.

सुकं मटण. मसाला तुकड्याला धरून बसलाय की तुकडे वेगळे आणि ग्रेव्ही वेगळी, हे आधी बघा. शिजलेलं मटण दाताला लागावं आणि सुटावं. ओढून तोडावं लागत असेल तर कमी शिजलंय, आणि बोट लावताच लगदा होत असेल तर जास्त शिजलंय किंवा पुन्हा-पुन्हा गरम केलंय. कडा वाळलेल्या आणि आतून थंडगार तुकडा ही फ्रिजमधून निघून तव्यावर आल्याची खूण. उग्र वास येत असेल तर जनावर जून असू शकतं. हाडाचं प्रमाण ही तक्रार होऊ शकते, पण दोन ताटं बघून करा. नळी आणि चाप हवी असणारे लोकही याच गावात आहेत.

मटणाच्या बाबतीत हे गाव हळवं आहे. २०१९ साली मटणाच्या दरावरून इथं आंदोलन पेटलं होतं. त्यामुळे ‘महाग आहे’ एवढंच लिहून थांबू नका. किती तुकडे आले आणि रस्सा किती वेळा मिळाला तेही लिहा.

भाकरी जोंधळ्याची की तांदळाची, गरम की रचून ठेवलेली, हे बघा. पापुद्रा सुटलेला असावा. तुकडा मोडताना भुगा होत असेल तर पिठाची विरी (चिकटपणा) गेली आहे, म्हणजे पीठ जुनं. भात बहुतेकजण बघतही नाहीत. रश्श्याला लांबडा, सुटा बासमती मला कधीच पटलेला नाही. आखूड, वासाचा, थोडा चिकट भात तांबडा धरून ठेवतो. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तो ताटात वाढणारं ठिकाण सापडलं तर ती बातमी तुमच्या मतात पहिल्या ओळीत यायला हवी.

शेवटी रश्श्याची दुसरी वाटी मागा. बहुतेक खानावळींत रस्सा हवा तेवढा मिळतो. ही दुसरी वाटी पहिलीइतकीच गरम आणि तेवढ्याच चवीची आहे का? मागावी लागली की वाढप्यानं आपण होऊन विचारलं? माझ्या मते सगळ्या ताटात सगळ्यांत जास्त सांगून जाणारी ही वाटी आहे, आणि रेटिंगमध्ये तिचा उल्लेख जवळजवळ कुणीच करत नाही.

पोरं बरोबर असतील तर ऑर्डर देतानाच अळणी मिळेल का विचारा. जिथं कुरकुर न करता मिळते ते ठिकाण कुटुंबाला चालेल, असं नि:शंक लिहा.

५. मिसळीचं वेगळं

फडतरे, बावडा, खासबाग, चोरगे: यातली पहिली कोण, हा वाद मिटवायच्या फंदात मी पडणार नाही आणि तुम्हीही पडू नये. पेठ बदलली की उत्तर बदलतं. पण गुण देताना काय बघायचं हे ठरवता येतं.

कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, आधी नुसता चमच्यानं प्या. तो उसळीवर ओतण्यापूर्वीच, कारण फरसाण पडलं की मीठ आणि तेल वाढतं आणि कटाची खरी चव गेली. कांदा-खोबऱ्याचा मसाला शिजलाय की कच्चा, हे पहिल्या घोटात कळतं. मग मटकी: मोड आलेली, दाणा अख्खा, पण दाताखाली मऊ. फरसाण कुरकुरीत आहे का आणि त्याला जुन्या तेलाचा वास आहे का, हे कोरडं असतानाच बघा. कोल्हापुरी मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो. तो ताजा असणं एवढीच अपेक्षा ठेवा. ‘पाव का नाही’ म्हणून तारा कापणाऱ्यांना आवरा. कट पुन्हा मागितल्यावर मिळाला का, त्याला वेगळे पैसे लावले का, तेही टिपा.

मिसळ पंधरा मिनिटांत संपते, तेव्हा नोंद लगेच करा.

६. स्वच्छता आणि वाढप

हात धुवायला जा, गरज नसली तरी. बेसिन, साबण आणि तिथून दिसणारा स्वयंपाकघराचा कोपरा, एवढ्यात बरंच कळतं. टेबल पुसायच्या फडक्याला वास येतो का, पाण्याचे जग आतून बुळबुळीत आहेत का, वाढणारा माणूस पैसे मोजून त्याच हातानं भाकरी उचलतो का, हे बघा.

भिंतीवर अन्न परवान्याची पाटी शोधा. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक १४ अंकी असतो. १ ने सुरू झाला तर परवाना आणि २ ने झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही छापणं बंधनकारक आहे. पाटी असली म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ असं नव्हे, पण नसली तर ते लिहा.

वाढपाबद्दल थोडक्यात: कोल्हापूरचा वाढपी ‘सर, मे आय’ करत नाही. ‘काय पायजे वो पाव्हणं’ म्हणतो आणि न विचारता भाकरी टाकून जातो. तो रांगडेपणा आहे, उद्धटपणा नाही. बाहेरगावच्या मंडळींनी यात फरक करावा. दहा मिनिटं हाक मारूनही कुणी फिरकलं नाही, किंवा बायका-पोरांना कोपऱ्यात बसवून विसरले, ही खरी तक्रार.

७. बिल वाचा

मोबदल्याचे गुण अंदाजानं देण्यापेक्षा माणशी किती पडले तो आकडा लिहा. वाचणारा आपलं आपण ठरवेल. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो, केंद्राचा अडीच अधिक राज्याचा अडीच. जीएसटी लावला असेल तर बिलावर क्रमांक हवा, महाराष्ट्रातला तो २७ ने सुरू होतो. बिलावर ‘कॉम्पोझिशन’ योजनेचा (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी करपद्धत) उल्लेख असेल तर त्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

सर्व्हिस चार्ज खानावळींत सहसा नसतोच. मोठ्या ठिकाणी दिसला तर लक्षात असू द्या: जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो आपोआप बिलात जोडायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते निर्देश कायम ठेवले. काढायला सांगा. शांतपणे काढला तर त्याचा उल्लेख करायची गरज नाही, वाद घातला तर करा.

८. तारे द्यायचे कधी आणि कसे

टेबलावरून उठण्याआधी, आणि सोबतच्यांशी चर्चा करण्याआधी, प्रत्येकानं आपापले गुण मोबाइलमध्ये लिहून टाकावेत. एकानं ‘काय रस्सा आहे राव!’ म्हटलं की बाकीचे तिघं मान डोलावतात, आणि चार मतांचं एकच मत होतं. ज्यानं बिल द्यायचंय त्याचं मत तर हमखास जास्त गोड असतं.

मी चव, स्वच्छता आणि वाढप अशा तीन गोष्टींना दहापैकी गुण देतो. तारे काढताना चवीला निम्म्याहून जास्त वजन. मात्र स्वच्छतेला मी बेरजेत घालत नाही, तिला उंबरठा करतो: ती चारच्या खाली गेली तर चव दहाची असली तरी ठिकाण दोन ताऱ्यांच्या वर जाणार नाही. काहींना हे कडक वाटतं. गॅस्ट्रोनं पडलेल्या माणसाला वाटत नाही.

ताऱ्यांचा अर्थ वाक्यात बांधून ठेवा आणि तो बदलू नका:

पाच: यासाठी वाट वाकडी करून यावं.
चार: घरी आलेल्या पाहुण्यांना मी इथं नेईन.
तीन: जवळपास असलो आणि भूक लागली तर जेवेन.
दोन: दुसरं काही उघडं नसेल तरच.
एक: शिळं, घाण किंवा फसवणूक.

या मापानं बहुतेक ठिकाणं तीनमध्ये येतील. तसंच यायला हवं. आपल्याकडं तीन तारे म्हणजे अपमान अशी समजूत झाली आहे, म्हणून मजकूर लिहिणं भाग आहे.

९. लिहायचं काय

चार-पाच वाक्यं पुरे, पण प्रत्येकात काहीतरी हाती लागावं. नमुना म्हणून एका काल्पनिक खानावळीबद्दल:

‘बुधवार, दुपारी पाऊण. दुसरी भेट. चौघं, तीन साध्या मटण थाळ्या आणि एक अंडा थाळी. पांढरा पातळ, गरम, मिरी बेताची; दुसरी वाटीही तशीच. तांबड्यात खोबरं किंचित करपलेलं. सुकं मऊ, पण एका ताटात हाडं जास्त. भाकरी तव्यावरून थेट. हात धुवायला साबण नव्हता, सांगितल्यावर आणून दिला. वीस मिनिटं थांबलो. माणशी ३५० रुपये. तीन तारे; साबण असता आणि खोबरं सांभाळलं असतं तर चार.’

यात ‘अप्रतिम’ नाही, ‘बकवास’ही नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं, कारण तारा कशानं गेला आणि कशानं परत येईल हे मालकाला त्यातून कळतं. फोटो काढलाच तर ताटाचा वरून काढण्यापेक्षा मेनूकार्डाचा काढा. दर बदलतात आणि लोकांना तेच हवं असतं. शेजारच्या टेबलावरची माणसं फोटोत येऊ देऊ नका.

१०. दुसऱ्यांचं रेटिंग वाचताना

सरासरीवर विश्वास ठेवण्याआधी साधं गणित करा. ज्या ठिकाणाला सगळ्यांनी पाच दिलेत तिथं एकानं एक तारा दिला, तर सरासरी साडेचारवर यायला पाच ताऱ्यांची सात मतं लागतात. म्हणजे नवीन उघडलेल्या छोट्या खानावळीला एक रागावलेलं गिऱ्हाईक पार खाली आणू शकतं, आणि मालकाचे दहा मित्र पार वर. दहा मतांचे ४.९ आणि दोन हजार मतांचे ४.२ असतील, तर मी दुसरीकडं जेवेन.

मतं ‘सर्वांत नवीन’ लावून वाचा. आचारी बदलला की जुने तारे फसवतात. पाच आणि एक सोडून तीन-चार तारेवाल्यांचं आधी वाचा, बहुतेक वेळा तपशील तिथंच असतो. एकाच आठवड्यात एकाच सुरात आलेली कौतुकं, आणि ज्यांनी आयुष्यात तेवढं एकच मत दिलंय अशी खाती, यांना बाजूला काढा. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-मतांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे. गाळणी आपली आपल्यालाच लावावी लागते.

गूगलवर ‘लोकल गाइड’ची पातळी मोठी म्हणजे चव कळते असंही नाही. ते गुण किती योगदान दिलं त्याचे असतात.

११. तक्रार, ओळख आणि फुकटचं ताट

काही बिघडलं तर आधी गल्ल्यावर सांगा. ‘मालक, रस्सा थंड आहे’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी वाटी बदलून येते, आणि ती कशी बदलून आली हे तुमच्या मतात लिहिण्यासारखं असतं. गप्प बसून घरी जाऊन एक तारा ठोकणं हा शूरपणा नव्हे. केस, किडा, आंबलेला वास असं काही निघालं तर ताट तसंच ठेवून फोटो घ्या, बिल जपून ठेवा आणि एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवर तक्रार करा. पैशाच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अशा वेळी जे दिसलं तेवढंच लिहा. ‘कुत्र्याचं मटण वापरतात’ छापाच्या ऐकीव गोष्टी लिहिल्यात तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो.

मालक मेहुण्याचा मित्र निघाला तर? जेवा, पण गुण देऊ नका, किंवा पहिल्या ओळीत ओळख सांगून टाका. कोल्हापुरात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, तेव्हा हे वारंवार करावं लागेल. कॅमेरा बघून कुणी न मागता खिम्याची वाटी पुढं सरकवली तर आभार माना, तिचे पैसे द्या, आणि तिला गुणांत धरू नका. ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या ताटात असणार नाही.

जुनी मतं वर्षातून एकदा उघडून बघा. मालक, आचारी किंवा जागा बदललेली कळली तर पुन्हा जाऊन तीच साधी थाळी मागवा. जाणं जमणार नसेल तर त्या मताच्या सुरुवातीला ‘हे जुन्या आचाऱ्याच्या वेळचं आहे’ एवढी ओळ घाला, किंवा सरळ काढून टाका.